अंतऱ्याआधीचा कुकर

घरात कुकर लावला की आमचा स्टुडिओ बंद होतो. स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटची मागची खोली. दाराला गादी, खिडकीला गोधडी, पंखा बंद आणि मी बनियनवर. आधी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचो. आता गोधडीआड बसून कराओकेचे ट्रॅक बनवतो.

कराओके या जपानी शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद'. रिकामा कसला? शंकर-जयकिशनचं गाणं आलं की व्हायोलिनचा अख्खा ताफा, अकॉर्डियन, मेंडोलिन, बासरी, सगळे मीच असतो. फक्त ढोलकवाला खरा बोलावतो. त्याची थाप की-बोर्डवर काढली की पत्र्याचा डबा बडवल्यासारखी वाटते.

काम मुख्यतः कानांचं. 'चुरा लिया है तुमने'च्या सुरुवातीला काचेच्या ग्लासवर चमचा वाजतो. तो सूर शोधत मी घरातले सगळे ग्लास बडवले. पाणी कमी-जास्त करता करता एक अगदी जुळला, आणि माइक सुरू करेपर्यंत बायकोने तो पिऊन टाकला.

एका गिऱ्हाइकाने 'नागिन'चा ट्रॅक परत पाठवला. म्हणे, "पुंगी खरी नाही वाटत हो. की-बोर्डवर काढलेली कळते." आता 1954 सालच्या मूळ गाण्यातही पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्याच्या पट्ट्यांवर आणि रवींनी हार्मोनियमवर ती डुलवली होती. हे सगळं मी त्यांना सांगितलं. "ते त्यांचं झालं," एवढंच उत्तर आलं.

या धंद्याचा मूळपुरुष कोबे शहरातला दाइसुके इनोउए. तोही क्लबात लोकांच्या गाण्याला साथ करणाराच. एका शेठजींनी सहलीला साथीला चल म्हटलं. हा गेला नाही, वाजवून टेप पाठवली. त्यातून 1971 साली यंत्र निघालं. पेटंट त्याने घेतलं नाही. 2004 साली त्याला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून!

पण टेप पाठवताना एक गोष्ट घरी राहिली. ऑर्केस्ट्रात गायक अंतऱ्यात लवकर घुसला, की आम्ही एकमेकांना डोळ्यांनी खुणावून म्युझिकचा उरलेला तुकडा गिळून टाकायचो. श्रोत्यांना कळायचं नाही, पुष्कळदा गायकालाही. साथ म्हणतात ती हीच. ट्रॅकला डोळे कुठून आणायचे?

परवा सोसायटीच्या गणपतीत माझाच ट्रॅक लागला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका अंतऱ्याला चक्क आठ मात्रा आधी शिरले. तिसऱ्या रांगेत माझी बोटं मांडीवर त्यांना सावरायला धावली. ट्रॅक मात्र आपल्या चालीने चालला. काका दुसऱ्या ओळीवर, व्हायोलिनं अजून अंतऱ्याच्या उंबऱ्यावर.

खाली उतरून काका घाम पुसत माझ्याच शेजारी बसले. "आज ट्रॅकच जरा मागे पडला हो."

"पडला खरा," मी म्हणालो. जुनी सवय.

तुम्हीही गात असाल तर एकच विनंती. अंतऱ्याआधीचं म्युझिक तेवढं पूर्ण होऊ द्या. त्यासाठी कोणाच्या तरी घरी कुकर थांबवलेला असतो.