थोरला जिवंत, मधला गेला

२०१० मध्ये थ्रीजीच्या लहरींचा लिलाव करून सरकारने ६७ हजार कोटींहून जास्त कमावले. दहा वर्षांत एअरटेलने थ्रीजी गुंडाळलंसुद्धा. थोरलं टूजी मात्र मधल्याला खांदा देऊन पुन्हा कामावर हजर! जुलै २०२० मध्ये मुकेश अंबानींनी देश टूजीमुक्त करण्याची हाक दिली. हाक झकास, पण पंचगंगेकाठी उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारींचे कितीतरी मोबाइल स्टार्टर टूजीवरच चालतात. शेतीची वीज पाळीपाळीने रात्री येते, मग शेतकरी अंथरुणातूनच मोटारीला फोन लावतो. मोटारीला काही रील बघायचं नसतं. तेव्हा भावांनो, आधी वीज रोज दिवसा द्या. आम्ही बांधावर जाऊन हातानं बटण दाबू, मग खुशाल करा देश टूजीमुक्त!