न रडल्याबद्दल खुलासा

प्रति,
मा. क्रिएटिव्ह हेड,
रात्री साडेआठची कौटुंबिक मालिका.

विषय : महाएपिसोडमध्ये न रडल्याबद्दल खुलासा सादर करणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, गेल्या रविवारच्या महाएपिसोडमध्ये आपल्या नायिकेस ऐन पावसात, बॅगेसह, घराबाहेर काढण्यात आले. हा प्रसंग पाहून अवघा महाराष्ट्र हळहळेल, अशी पूर्वसूचना आपण आठवडाभर प्रोमोतून दिली होती. तथापि आमच्या घरातील एकाही सज्ञान व्यक्तीच्या डोळ्यांस पाणी आले नाही. सौ. भेंडी चिरत होती. चिरंजीव मोबाइलमध्ये होते. आमच्या आत्या, ज्या शेजारच्या मांजरीच्या बाळंतपणातही रडल्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "एवढ्या पावसात हिची टिकली कशी नाही गं निघाली?"

आम्ही दगडाच्या काळजाचे आहोत असा आपला समज होऊ नये, म्हणून हे पत्र.

आत्यांचा पूर्वेतिहास आधी नोंदवतो. 2000 साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेत नायक मिहीर विरानी गेला, तेव्हा आत्या दोन घास कमी जेवल्या होत्या. देशभर प्रेक्षकांनी इतका आकांत केला की मिहीरला परत आणावं लागलं. एकामागून एक अशा एकूण तीन नटांनी तो मिहीर साकारला. तो परतला तेव्हा आत्या पेढे वाटायच्याच बाकी होत्या. पण तेव्हापासून मालिकेत कोणीही गेलं, दरीत कोसळलं, जहाजासकट बुडालं, तरी त्या पदराला हात लावत नाहीत. विचारतात, "बॉडी दाखवली का?" नाही म्हटलं की निवांत वरण गरम करायला उठतात.

आता थोडं माझ्याविषयी. मी दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालो. दस्तनोंदणी हा माझा जन्माचा धंदा, त्यामुळे आपल्या कथानकातला जो धागा आपण सर्वांत दुःखद मानता, तो मला पाहवत नाही. नायिकेने कोऱ्या कागदावर सही केली आणि अख्खा बंगला थोरल्या जावेच्या नावावर झाला! महोदया, बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागतो, नोंदणी लागते. राहतं घर मुलाला किंवा नातवाला दिलं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे, पण जावेला ही सवलत नाही. शिवाय सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला आणावा लागतो, दंड भरून फार तर आणखी चार. आपल्या जाऊबाईंनी तो कागद मागच्या गणपतीत देवघरामागे लपवला. यंदाचे गणपती जाऊन दिवाळीही आटोपली. मालिकेने सात वर्षांचा लीप घेतला तर त्या कागदात वडे गुंडाळायला हरकत नाही.

हा विनोद समजू नये. माझा आक्षेप कायद्याचा नाहीच. आपण दाखवता त्यातल्या कशाचीच कुठे नोंद होत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. घटस्फोट होतो, पुढच्या महिन्यात त्याच दोघांचं त्याच मांडवात पुन्हा लग्न. नोकरी जाते, पण वाण्याची उधारी वाढत नाही. स्मृती जाते, ती डोक्याला दुसरा मार लागला की परत येते. एवढ्या उलथापालथीत घरातला सोफासुद्धा बदलत नाही. जे कायमचं गेलंच नाही, त्यासाठी आम्ही रडायचं कसं? नोंदवलेला दस्त फाडून चालत नाही. तो फिरवायचा तर दुसरा दस्त करावा लागतो, नाहीतर कोर्टाची पायरी. ती सही आता फिरणार नाही, हे माहीत असलेला माणूस सही करण्यापूर्वी किंचित थांबतो. ते थांबणं मी नोकरीभर पाहिलं.

सर्वांत जास्त पाहिलं ते हक्कसोडपत्रांच्या वेळी. वडील वारल्यावर बहिणी भावाच्या नावे वाटा सोडतात, विनामोबदला. एका बाईंचं सांगतो. भावाने तिच्यासाठी गाडी केली होती, वाटेत उसाचा रसही पाजला होता. मी रीतीप्रमाणे विचारलं, "दस्त वाचला का? कबूल आहे?" तिने 'हो' म्हटलं, पण आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मी पुन्हा विचारलं. मग ऑपरेटर म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघा." फोटो काढायचा म्हटल्यावर ती सवयीने हसली. अंगठा उमटेना. शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन त्यांना ओळखत नाही. तेव्हा भावाने पुढे होऊन तिचा अंगठा स्वतःच्या हातात धरला आणि काचेवर दाबला. दाबताना मायेनेच म्हणाला, "जरा जोर दे, अक्का."

कोणी रडलं नाही. मी पुढचा टोकन नंबर पुकारला. त्या दस्तावर अक्कांचा हसरा फोटो छापून आला आणि त्या दुपारी माझा डबा तसाच घरी गेला.

हाच प्रसंग आपल्याकडे असता तर? अक्का सही करणार एवढ्यात वीज कडाडली असती, बंद खोलीत. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा झेपावला असता, मग भावाच्या, वहिनीच्या, कारकुनाच्या आणि चहा घेऊन आलेल्या पोऱ्याच्याही. वहिनीने भुवई उडवून मनातल्या मनात, पण चांगल्या मोठ्या आवाजात, आपला डाव सांगितला असता. बासरी लागली असती. अक्कांच्या मनानेही बोलून घेतलं असतं : आज माझं माहेर तुटलं. आणि त्यांच्या गालावरून ग्लिसरीनचं टपोरं पाणी ओघळलं असतं, लिपस्टिकला वळसा घालून. तिचं दुःख तिनेच सांगितलं, बासरीने दुजोरा दिला, चार चेहऱ्यांनी अनुमोदन दिलं. ठराव आमच्याशिवायच मंजूर झाला. आम्ही कशाला बसलो होतो?

कन्येच्या एम.ए.च्या पुस्तकात वाचलं की भरतमुनींनी सात्त्विक भाव आठ सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे माणूस थिजतो, घामाघूम होतो, त्याच्या अंगावर काटा येतो, आवाज चिरकतो, हात थरथरतात, रंग उडतो. डोळ्यांत पाणी येतं ते सातव्या क्रमांकावर. आपल्या भांडारात अश्रू तेवढे शिल्लक दिसतात, बाकी सात बहुधा बजेटमध्ये बसले नसावेत. आणि शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव या दिग्दर्शकाने नटाचा एकच निर्विकार चेहरा आळीपाळीने सुपाची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांना जोडला, तर लोकांना त्या चेहऱ्यावर भूक, शोक, अभिलाषा असं सगळं दिसलं म्हणतात. चेहरा कोरा होता, म्हणून भरायला जागा होती. आपल्याकडे जागाच नाही. प्रत्येक चेहरा काठोकाठ भरून येतो.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. रोजचा भाग, रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, फिल्मसिटीत नाहीतर घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात बारा-बारा तासांची शिफ्ट. संवादांचे कागद कलाकाराच्या हाती येतात तोवर त्याची वेणी घालून झालेली असते. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून जास्त भाग चालली. तेवढ्या भागांना पुरतील एवढी दुःखं व्यासांनाही सुचली नसती. त्यात दर गुरुवारी टीआरपी येतो. तो मोजणारं यंत्र वाहिनीच्या आवाजात मिसळलेली खूण ओळखतं आणि ती वाहिनी चालू असल्याची नोंद करतं. समोर कोणी हुंदके देतंय की मटार सोलतंय, हे त्याला कळत नाही. आपण मटार सोलणाऱ्यांसाठी लिहिता, हेही माझ्या लक्षात आलं आहे. म्हणूनच आपली पात्रं डोळ्यांनी दिसतं ते तोंडाने सांगतात : "अगंबाई, हा तर सासूबाईंचा हार!" ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला मान न वळवता गोष्ट कळावी, ही सोय उत्तम आहे. पण मान वळवावी लागली नाही, तर डोळे भरून यायचे कसे? आमची सौ. तर सांगते की तिला ही मालिका आवडते ती याचसाठी, की ती चालू असताना भेंडी व्यवस्थित चिरून होते.

तेव्हा शिक्षा म्हणून आम्हाला आणखी एक महाएपिसोड दाखवू नये, ही विनंती. उलट एक अर्ज आहे. आपल्या मालिकेत माई नावाच्या सासूबाई आहेत. त्यांची भूमिका करणाऱ्या बाई मोठ्या ताकदीच्या आहेत; त्या कधी कधी वाक्य विसरतात तेव्हा क्षणभर जे घडतं, ते पाहण्यासाठी मी साडेआठला बसतो. त्या माईंचं काहीतरी एकदा खरोखर जाऊ द्यावं. बंगला नको, साधी देवघरातली समई पुरे. आणि ती पुढच्या भागात सापडू नये, तिसऱ्या महिन्यातही नको, शेवटच्या भागातही नको. त्या भागात बासरीवाल्यांस रजा मंजूर करावी. कॅमेरा एकच ठेवावा. बाईंना संवाद देऊ नयेत. आत्या पदर हातात धरून बसतील, याची हमी मी माझ्या जबाबदारीवर देतो. भेंडीचं मात्र सांगता येत नाही.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त दुय्यम निबंधक

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : थोरल्या जाऊबाई, देवघरामागे. कागदाची मुदत संपली आहे, तरी रात्री टॉर्च घेऊन वारंवार तपासण्याचे कष्ट घेऊ नयेत.