रक्त कमी, सल्ले फार

आपल्या घरांत तापाला मान आहे. थर्मामीटरने शंभर दाखवले की मऊ भात येतो, पांघरूण येते, टीव्हीचा आवाजही खाली येतो. थकव्याच्या नशिबी यातले काही नाही. 'दमले गं बाई' म्हणणाऱ्या बाईला 'मग जरा पड की' असे उदार उत्तर मिळते. ती पडते, आणि पाचच मिनिटांत कुणीतरी दारातून विचारते, 'साखर कुठे ठेवलीयस?'

म्हणून माझे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले तेव्हा काळजीच्या आधी मला चक्क आनंद झाला. अखेर आकडा मिळाला! बायकांचे बाराच्या खाली गेले की रक्त कमी असे धरतात, त्या हिशेबाने मी चांगलीच नापास होते. डोंबिवली स्टेशनचा पूल चढताना मधेच थांबून मोबाइल बघण्याचे नाटक करणारी ही बाई आळशी नाही, असे आता प्रयोगशाळेच्या सहीशिक्क्यानिशी सिद्ध झाले होते.

या बाबतीत मला सोबतही दांडगी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांचे रक्त कमी भरले, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे लेडीज डब्यात उभ्या असलेल्या निम्म्याअधिक बायकांना खरे तर बसायला हवे, आणि बसलेल्यांपैकी निम्म्यांनी उठता कामा नये. चौथ्या सीटचे भांडण वैद्यकीयच म्हणायचे.

आणि हे सगळे कशापायी? आपल्या सबंध शरीरात लोह असते तीन-चार ग्रॅम. चिमूटभरच. पण रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू धरते ते याच्या जोरावर, आणि ते कमी पडले की तिसरा मजला सहावा होतो. शरीर तसे संसारी असते. ते आधी फेरिटिनचे साठवणीचे डबे खरवडते आणि मगच रक्ताला हात लावते. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन घसरलेले दिसते तेव्हा फडताळ कधीच रिकामे झालेले असते.

यावर सोपा उपाय म्हणजे लोहाची गोळी. स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट, लाखोंना लागू पडणारी. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त माझ्या पोटाचे तिच्याशी पटेना. मळमळ, मुरडा, तोंडाला गंजकी चव, आणि वर बद्धकोष्ठ. शौचाला काळे होते, ते या गोळीने व्हायचेच, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याची गाळण उडते. 'गोळी सोसत नाही' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या कानात ते 'नखरे आहेत' असेच शिरते.

मग सल्ले सुरू होतात, आणि सल्ल्यांचा रंग लाल असतो. बीट खा, डाळिंब खा, गाजर खा. लाल खाल्ले की लाल होते, हे शास्त्र शेजारपाजारी सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात बीट-डाळिंबात लोह अगदीच जेमतेम. रंगावर भागत असते तर कोल्हापुरात तांबडा रस्सा ओरपणाऱ्या एकाचेही हिमोग्लोबिन कमी निघाले नसते. रश्शातल्या मटणातले लोह शरीराला चांगले लागू पडते, हे खरे. पण ते श्रेय बोकडाचे, तिखटाचे नव्हे. पालेभाज्या-कडधान्यांतले लोह आतडे हात राखून घेते. त्याला लिंबू, आवळा, पेरू अशा फळांची शिफारस लागते. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आज्या शहाण्या होत्या, आणि लोखंडी कढईत आमटी करणाऱ्याही. मात्र साठा तळाला गेला की नुसत्या लाडवांनी तो भरून निघणे अवघड.

सगळ्यांत जाचक पथ्य चहाचे. चहातली द्रव्ये खाण्यातले लोह बांधून टाकतात, म्हणून दोन्हींत तासाभराचे तरी अंतर हवे. आपण पोह्यांवर लिंबू पिळून लोहाची सोय करतो आणि लगेच कपभर चहा ओतून ती मोडतो. पोह्यांनंतर तासभर चहावाचून बसलेल्या मराठी माणसाकडे पाहवत नाही.

डॉक्टरांनी मात्र 'सोसत नाही' हे शब्द गांभीर्याने घेतले. त्यांच्याकडून कळले की गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि आतडे दिवसभर लोहाला दार लावून बसते. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की लोह कमी असलेल्या तरुणींना गोळी एक दिवसाआड दिली, तर तिच्यातले लोह रोजच्यापेक्षा जास्त शोषले जाते. मधली सुट्टी यकृताला मंजूर आहे, घरच्यांना पटवणे तेवढे राहिले. दिवसाआड घ्या, मात्रा कमी करा, दुसऱ्या प्रकारची गोळी बघा, जेवणानंतर घ्या, थोडे कमी शोषले गेले तरी चालेल, अशा पायऱ्या उतरत आम्ही शेवटी सलाईनवाटे लोह देण्यापर्यंत आलो. ते रुग्णालयात, देखरेखीखालीच घ्यायचे. हाताला सुई असल्यामुळे त्या वेळात मला कुणी काही शोधायला लावले नाही, हा वरकड फायदा.

ताकद दुसऱ्या दिवशी येत नाही, आठवडे लागतात. तोवर बसून भाजी चिरावी, पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात, सरकत्या जिन्यापुढची रांग निमूटपणे धरावी. कपडे घडी न करता घातले तरी अंगावर तेच दिसतात. भांडी सकाळपर्यंत थांबतात, त्यांना कुठे जायचे असते?

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लोह कमी झाले म्हणजे ते कुठे तरी जाते आहे, किंवा आत येतच नाही. पाळीतला जादा रक्तस्राव, मूळव्याध, पोटातला व्रण, जंत, कारण काहीही असू शकते. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत तर पोटा-आतड्यांची तपासणी टाळूच नये. लेक पाटीवरची पेन्सिल चघळत असेल किंवा सून येताजाता कच्चे तांदूळ तोंडात टाकत असेल, तर रागावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे.

आणि गोळी सोसत नसेल तर ती गुपचूप फडताळात सारू नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, पुढे वाटा आहेत. घरात कुणी सारखे दमत असेल तर रक्त आधी तपासा, स्वभाव नंतर.