‘घाबरू नकोस’ पुरे झालं

प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री नर्सिंगच्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वाटला जाणारा सल्ला म्हणजे ‘घाबरू नकोस’. मॅडम सांगतात, सीनियर सांगतात, फोनवरून आई सांगते. उपयोग शून्य. अ‍ॅड्रेनालिन कुणाच्या सांगण्यानं उतरत नाही. 2014 मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांनी गाणं, भाषण आणि गणित या कामांआधी धास्तावलेल्या लोकांवर प्रयोग केले. स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. धडधड मात्र त्यांचीही कमी झाली नव्हती.

तेव्हा धडधडीच्या मागे लागू नका. रात्री दोनपर्यंत प्रोसिजर बुक घोकणाऱ्या मुलींनो, वही मिटा आणि उभ्या राहा. रूममेटला कॉटवर झोपवा, ट्रे मांडा, एकेक पायरी मोठ्यानं बोलत करा. तिसरीला समोर बसवून टक लावून बघायला सांगा. एकटीनं करताना बिनचूक चालणारा हात एक्स्टर्नल परीक्षकांच्या नजरेखाली अडखळतो, कारण त्या नजरेची त्याला सवयच नसते.

बीपीचंच घ्या. कफ बांधायचा, नाडी लागेनाशी होते तिथून पारा 20 ते 30 मिलिमीटर वर न्यायचा, मग सेकंदाला 2-3 मिलिमीटर इतक्या संथपणे हवा सोडायची. घाबरलेली बोटं व्हॉल्व्ह भसकन उघडतात. पारा कोसळतो, पहिला ठोका निसटतो. समोर एक्स्टर्नल पेन उघडून बसलेल्या. मुलगी म्हणते, ‘120/80, मॅडम.’

खरा धोका इथे आहे. थरथरणाऱ्या हातानं रुग्णाचं काही बिघडत नाही, दडपून ठोकून दिलेल्या आकड्यानं बिघडतं. ‘नीट ऐकू आलं नाही मॅडम, पुन्हा घेते,’ असं म्हणा. कफमधली हवा पूर्ण काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. ड्रेसिंग करताना निर्जंतुक ग्लोव्हचं बोट चादरीला लागलं? ‘ग्लोव्ह दूषित झाला, बदलते,’ हेही मोठ्यानं. दोन गुण जातील, जाऊ द्या. उद्या आयसीयूत रात्रपाळीला तुमच्याजवळ हीच सवय असायला हवी.

आणि पलंगावरच्या माणसाशी बोला. ‘आजी, बीपी बघते हं, हात सैल सोडा.’ नियम म्हणून तर बोलायचंच, पण बोलताना अडकलेला श्वास सुटतो आणि लक्ष परीक्षकांवरून आजींवर येतं. जायला हवं तिथेच ते जातं.

आता परीक्षकांना. 1975 मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओस्की (OSCE) ही प्रॅक्टिकल परीक्षेची पद्धत मांडली, ती गुण परीक्षकाच्या मर्जीवर लटकू नयेत म्हणूनच. सगळ्यांना तीच स्टेशनं, तीच चेकलिस्ट. आपल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमातही ओस्की आली. चेकलिस्ट आली, पण कपाळावरची आठी गेली नाही. मुलगी ‘पुन्हा घेते’ म्हणाली की ‘वर्षभर काय केलंस?’ असं खेकसणाऱ्या मॅडम आजही आहेत. चूक लपवायची असते, हा धडा ती मुलगी तिथेच शिकते, आणि तो घेऊनच वॉर्डात ड्युटीला लागते. औषधाचा डोस चुकला तर ती कुणाला सांगेल? शिस्त लावायची म्हणून धाक हवा, हे मला अजिबात मान्य नाही. हात धुण्याच्या पायऱ्यांवर कडक राहा, रुग्णाची ओळख पटवण्यावर कडक राहा, तिथे एक गुणही सोडू नका. पण त्याच चेकलिस्टमध्ये आणखी एक रकाना घाला: चूक स्वतःच्या लक्षात आली, सांगितली, सुधारली. आणि त्याला भरघोस गुण ठेवा.