मु. पो. मराकेश

मराकेशला जायचं, हे एका संध्याकाळी ठरलं. उतरायचं कुठे, हे ठरेपर्यंत पावसाळा संपत आला. घरात सरळ दोन तट पडले होते. ह्यांना हॉटेल हवं होतं. लिफ्ट असलेलं, खाली काउंटर असलेलं, खोलीला नंबर असलेलं. वन्संना रियाद हवा होता. त्यांच्या भिशीतली एक बाई जाऊन आली होती आणि हिरव्या-निळ्या फरशीच्या चौकात, कारंज्याला टेकून काढलेला फोटो तिने ग्रुपवर टाकला होता. त्या फोटोनंतर वन्संपुढे कुणाचं काही चालेना. वन्संचे यजमान तटस्थ होते. चहा वेळेवर मिळाला की त्यांना तंबूही चालतो. आणि मी मधे. वहिनी या नात्याने मधे राहण्याची मला सवय आहे.

रियाद म्हणजे मोरोक्कोच्या जुन्या शहरांतलं चौकाचं घर. बाहेरून बघाल तर विटकरी-गुलाबी रंगाची उंच कोरी भिंत आणि तिच्यात एक बुटका दरवाजा. रस्त्याकडे खिडकी अशी जवळजवळ नाहीच. आत शिरलं की वळण घेणारी बोळकांडी, म्हणजे दार चुकून उघडं राहिलं तरी रस्त्यावरच्याला घरातली माणसं दिसू नयेत. वळण संपलं की एकदम चौक. मधे कारंजं, चार बाजूंना चार वाफे, त्यांत संत्र्याची झाडं, वर उघडं आकाश, आणि सगळ्या खोल्यांची दारं-खिडक्या या चौकात उघडणारी. वाफे नसले आणि चौक नुसताच फरसबंद असला तर जाणकार त्या घराला ‘दार’ म्हणतात. पण पाहुण्यांना भाड्याने द्यायची वेळ आली की सगळ्यांचे रियाद होतात.

मी सदाशिव पेठेत वाड्यात वाढले, त्यामुळे चौकाचं मला वन्संइतकं अप्रूप नव्हतं. चौक फोटोत सुंदर दिसतो आणि चौकात बोललेलं सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जातं, या दोन्ही गोष्टी मला पाठ होत्या. रियादांची कहाणीही निम्म्यापर्यंत वाड्यांसारखीच आहे. 1912 साली मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल बसला. त्यांनी तटाच्या आतलं जुनं शहर, म्हणजे मदिना, तसंच ठेवलं आणि बाहेर रुंद रस्त्यांचं नवं शहर आखलं. पुढे पैसेवाली घराणी हळूहळू तिकडे राहायला गेली, मोठ्या घरांत खोलीखोलीत भाडेकरू आले, गिलावे पडायला लागले, कारंजी आटली. इथपर्यंत आपलीच गोष्ट. पुढे फाटा फुटतो. आपल्याकडे बिल्डर आला. त्यांच्याकडे गेल्या शतकाच्या शेवटी फ्रेंच आणि इतर युरोपीय मंडळी आली, पडकी घरं विकत घेऊन त्यांनी ती दुरुस्त केली आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गवंडी, सुतार, फरशी कापणारे कारागीर यांना पुन्हा काम मिळालं, आणि घरांच्या किमती अशा चढल्या की गल्लीत जन्मलेल्यांना गल्लीत घर परवडेना. त्याबद्दल पाहुण्याने अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. पण सकाळी संत्र्याचा रस आणून देणाऱ्या बाईला ‘तुम्ही राहता कुठे?’ एवढं विचारावं. आमच्याकडची बाई तटाबाहेरून बसने यायची.

रियाद निवडताना लोक तासन्‌तास फोटो बघतात. माझ्या मते फोटो बाजूला ठेवून नकाशा उघडावा. फोटो असतो चौकाचा, आणि चौक सगळ्यांचाच असतो. आपल्या वाट्याला येणार ती खोली, तिथवर जाणारा जिना, आणि दारापर्यंत आणणारी गल्ली. यांचे फोटो कुणी टाकत नाही. मदिनेतल्या बऱ्याचशा गल्ल्यांत मोटार शिरत नाही. टॅक्सी तटाच्या एखाद्या दरवाज्यापाशी नाहीतर जवळच्या मोकळ्या जागेत सोडते आणि पुढे हातगाडीवाल्याचं राज्य सुरू होतं. बॅगा त्याच्या गाडीवर, आपण त्याच्या मागे. भाडं आधी ठरवायचं, नाहीतर रियादच्या दारात, मालकाच्या देखत, फार अवघड होतं. मुख्य रस्ता सोडला की ‘दर्ब’ लागतात, म्हणजे एकाच तोंडाच्या गल्ल्या. त्या दोनदा वळतात, मधेच घराखालून जातात आणि कुणाच्या तरी दारात संपतात. मोबाइलवरचा नकाशा इथे हात टेकतो. मग एखादं चुणचुणीत पोर पुढे येतं, ‘हा रस्ता बंद आहे’ असं छातीठोक सांगतं आणि उघडा रस्ता दाखवायचे पैसे मागतं. रस्ता बहुधा बंद नसतोच. म्हणून बुकिंगच्या आधी मालकाला एकच गोष्ट खोदून विचारावी, की गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून चालायचं किती. मराकेशमध्ये दार-एल-बाशा, बाब दुक्काला किंवा दक्षिणेकडचा कसबा या भागांत टॅक्सी बरीच आत येते. बाजाराच्या पोटातला रियाद कितीही देखणा असला तरी गुडघे दुखणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

टॅक्सीचंही एक आहे. शहरात फिरणाऱ्या छोट्या टॅक्सीत तीनच उतारू घेतात. आम्ही चौघं. त्यामुळे जिथे जाऊ तिथे दोन टॅक्स्या, दोन घासाघिशी, आणि उतरल्यावर एकमेकांना शोधणं. ‘हॉटेल घेतलं असतं तर ही पाळी आली नसती,’ असं हे दर वेळी म्हणायचे. टॅक्सीचा नियम हॉटेलात उतरलेल्यांनाही तोच असतो, हे मी बोलले नाही.

शेवटी तोडगा असा निघाला, की मराकेशात आधी रियाद, मग नव्या शहरात हॉटेल, आणि पुढे फेझला काय ते तिथे बघू. रियादच्या मोठ्या दरवाज्यात आणखी एक छोटा दरवाजा होता. तेवढाच उघडला गेला आणि वाकून आत जावं लागलं. मालकाने बसवून पुदिन्याचा चहा दिला. चांदीच्या रंगाची किटली हातभर वर उचलून त्याने धार सोडली आणि एक थेंब बाहेर न सांडता पेल्यात फेस आणला. वन्संच्या यजमानांनी त्या क्षणी तटस्थता सोडली. मग पोलिसांकडे जायचा फॉर्म भरायचा होता: नाव, पासपोर्ट, व्यवसाय. ह्यांनी व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ लिहिलं, आणि जागा उरलेली दिसली म्हणून कशातून निवृत्त तेही लिहिलं. फॉर्म देताना ह्यांनी मालकाला पहिला प्रश्न विचारला तो भूकंपाचा. प्रश्न गैर नव्हता. सप्टेंबर 2023 मध्ये मराकेशच्या दक्षिणेला डोंगरात मोठा भूकंप झाला, खेडीच्या खेडी गेली, आणि मदिनेतल्याही काही जुन्या भिंती ढासळल्या. मालकाने शांतपणे भिंतीची जाडी दाखवली आणि आणखी चहा ओतला.

खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या पायऱ्या रंगीत फरशीच्या नक्षीने मढवलेल्या, सुरेख, आणि एकीची उंची दुसरीला नाही. न्हाणीघराच्या भिंती मात्र बघतच राहाव्यात अशा होत्या. ताडेलाक्त म्हणतात त्याला. चुन्याचा गिलावा दगडाने घासून घासून गुळगुळीत करतात आणि वर ऑलिव्हच्या काळ्या साबणाचा हात देतात, म्हणजे पाणी आत मुरत नाही. सांधा नाही, कोपरा नाही, हात फिरवला तर गार आणि मऊ. फक्त न्हाणीघराला दार नव्हतं. कमान होती आणि कमानीला पडदा. रियादांत हे बऱ्याच ठिकाणी असतं आणि त्याचाही फोटो कुणी टाकत नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर वन्संचे यजमान सकाळी वन्संच्या आंघोळीच्या वेळी गच्चीवर जाऊन बसू लागले. गच्चीवरून बाराव्या शतकातला कुतुबियाचा सत्त्याहत्तर मीटरचा मिनार दिसतो, आणि हवा स्वच्छ असली तर मागे अ‍ॅटलासचा बर्फही. दोन्हींचा त्यांचा अभ्यास फार चांगला झाला.

रात्री कारंजं बंद केलं, की समोरच्या खोलीतली जर्मन बाई नवऱ्याला काय सांगते आहे ते, भाषेचा गंध नसतानाही, मला नीट कळत होतं. विषय बहुधा टॅक्सीचाच असावा. पहाटे एका मशिदीतून अजान सुरू झाली, तिच्यात दुसरी मिसळली, मग तिसरी. झोप सावध असणाऱ्याने हे आधी धरून चालावं. आणि थंडी. मराकेश म्हणजे वाळवंटाच्या उंबऱ्यावरचं गाव, म्हणून आम्ही सुती कपडे नेलेले. जानेवारीत तिथे रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं आणि चौकाला छप्पर नसतं. खोलीतून जेवायच्या दालनापर्यंत जायचं म्हणजे शाल घेऊन बाहेर पडायचं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा याच जाड भिंती माणसाला जगवतात. म्हणजे रियाद चांगला की वाईट, हे निम्मं महिन्यावर असतं.

जेवणात मात्र रियादने हॉटेलवर मात केली. सकाळी सांगून ठेवलं की संध्याकाळी तेवढंच आणि तसंच शिजतं. आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. नुसतं ‘भाज्यांचा ताजीन’ किंवा ‘भाज्यांचा कूसकूस’ सांगून भागत नाही, भाज्या बरेचदा मांसाच्या रश्श्यात शिजतात. रस्साही नको, असं वेगळं सांगावं लागतं. वन्संनी ते स्वयंपाकघरात जाऊन, हातवारे करून सांगितलं, आणि येताना वांग्या-टोमॅटोच्या झालूकची कृती घेऊन आल्या. नाश्त्याला चौकोनी घडी घालून तव्यावर भाजलेली मसेमन, वर मध. तिथे कसला प्रश्नच नव्हता.

मग आम्ही गेलीझला, फ्रेंचांनी वसवलेल्या नव्या शहरात गेलो. तिथल्या हॉटेलबद्दल काय सांगू? लिफ्ट होती. न्हाणीघराला दार होतं आणि दाराला कडी होती. खोलीत शिरल्यावर ह्यांनी ती दोन वेळा लावून पाहिली. गरम पाणी भरपूर, गाद्या उत्तम, समोर रुंद फुटपाथ. सकाळी पडदा सरकवला की जे दिसायचं ते जगात कुठेही दिसलं असतं, पण ह्यांना त्याचं काही वाटलं नाही आणि मला ते पटतं. दिवसभर गर्दीत फिरून आलेल्या साठीच्या माणसाला संध्याकाळी अद्भुत काही नको असतं. ज्यांना दोन्ही एकदम हवं आणि खिशाची काळजी नाही, त्यांच्यासाठी मामूनिया आहे. अठराव्या शतकात सुलतानाने आपला मुलगा मामून याला लग्नात एक बाग दिली, तिच्यात 1923 साली हे हॉटेल उघडलं. चर्चिल इथे उतरायचे आणि चित्रं काढायचे. आम्ही ते फाटकाबाहेरून पाहिलं. फाटकही चांगलं आहे.

फेझची तऱ्हा निराळी. तिथलं जुनं शहर नवव्या शतकापासूनचं, आणि उतारावर. वरच्या अंगाला बाब बू जलूद हा निळ्या नक्षीचा दरवाजा, खाली करावियीन मशीद, आणि दोन मुख्य रस्ते वरून खाली घरंगळत जाणारे. सकाळी उतरताना मजा येते. संध्याकाळी परत चढायचं असतं. सामान वाहणारी गाढवं आणि खेचरं मागून येतात, हाकणारा ‘बालाक’ म्हणून ओरडतो, आणि ते ऐकताक्षणी भिंतीला चिकटायचं. फेझमधली घरं अरुंद आणि उंच, म्हणजे जिनेही जास्त. तिथे घर घ्यायचं तर वर, बू जलूदच्या आसपास. नाहीतर खाली रसीफजवळ, तिथवर टॅक्सी पोचते. मधला भाग हौशी तरुणांना सोडून द्यावा. आणि चामडं कमावण्याचे शुआराचे हौद किती लांब आहेत, तेही बघून घ्यावं. हौद बघायला जाणाऱ्यांच्या हातात पुदिन्याची काडी देतात ती उगीच नाही.

फेझला कुठे उतरायचं, यावर मग मतदान झालं. वन्संचं मत रियादला, त्यांच्या यजमानांचं चहासाठी रियादला, माझंही. ह्यांनी विरोधी मत नोंदवलं आणि खोली तळमजल्यावरची मागून घेतली. तळमजल्यावरची खोली चौकाला लागून असते, येणारा-जाणारा डोकावतो आणि उजेड कमी येतो. पण जिना नसतो. ह्यांना त्या खोलीत फार छान झोप लागली.

तेव्हा पहिल्यांदा जात असाल तर निदान सुरुवातीचा मुक्काम रियादमध्येच करा, तटाच्या दरवाज्याजवळच्या. मालकाला आधी लिहून गाडीचं, जिन्याचं आणि न्हाणीघराच्या दाराचं विचारून घ्या; रागावत नाहीत, त्यांना सवय असते. हिवाळ्यात शाल न्या. आणि चौघं असाल तर विमानतळावर मोठी गाडी त्यांनाच पाठवायला सांगा.