यांना नोकरी लागली, बसून वाचावे

सिडनी, डिसेंबर

ती. मामंजी व सौ. आत्याबाई यांस,


यांना नोकरी लागली. पत्र लिहायला मला पुढं केलं, यावरून ती तहसील कचेरीतली नाही हे मामंजींनी ओळखलंच असेल. इथं समुद्राकाठी मॅनली म्हणून भाग आहे, सर्क्युलर कीवरून फेरीबोटीनं जावं लागतं. तिथल्या एका बारमध्ये हे लागलेत. मामंजी, गळ्यातल्या माळेला हात लावायच्या आधी पुढचं वाचा.

बारचा उंबरा न ओलांडलेल्या माणसाला घेतलं कसं, हा पहिला प्रश्न. मॅनेजरनं अनुभव विचारला. हे म्हणाले, आमच्या उमरीच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी अख्ख्या पंगतीला वरण वाढलंय, कुणाच्या धोतरावर शिंतोडा नाही. त्याला सप्ता काय कळला कोण जाणे, पण त्यानं 'मोठ्या गर्दीचा अनुभव' असं टिपून घेतलं आणि यांच्या हातात ट्रे दिला.

सध्या ग्लास गोळा करायचे, विसळायचे, बर्फ भरायचा, बियरचे केग लोटत आणायचे. आत्याबाई, ज्यांनी घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, ते इथं परक्यांचे उष्टे ग्लास धुतात. मला ही नोकरी आवडली ती इथपासूनच.

ग्लासात काही ओतायला मात्र कोर्स करावा लागला. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो. काउंटरमागच्या पोराला कुणी शिकवणी लावल्याचं मी तरी ऐकलं नाही. इथं उलटं आहे. पिणाऱ्याला 18 वर्षं पुरी झाली की बास. पाजणाऱ्याला 'आरएसए'चं, म्हणजे जबाबदारीनं दारू वाढण्याचं, कार्ड लागतं. मला वाटलं, दारू कशी पाजायची ते शिकवत असतील. बघते तर सगळा अभ्यास कधी पाजायची नाही याचा! जीभ जड झाली, चाल बिघडली की हात आखडायचा, पाणी फुकट द्यायचं, टॅक्सी बोलवायची. झिंगलेल्याला वाढलं तर 11,000 डॉलरपर्यंत दंड, तो वाढणाऱ्यालाही होऊ शकतो. शिवाय हिशेब: एका मापात 10 ग्रॅम अल्कोहोल. 30 मिली व्हिस्की म्हणजे एक माप, 425 मिली बियरचा 'स्कूनर' म्हणजे दीडाहून थोडं जास्त. हे बारावीला एवढं पाठ करते तर आज मॅनलीला कशाला असते?

पूर्वी या लोकांनी घड्याळावर भिस्त ठेवून पाहिली होती. 1916 पासून 1955 पर्यंत इथले पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. मग पाचला सुटलेली माणसं तासाभरात दिवसभराचं ढोसून घ्यायची. 'आता पुरे' म्हणायला शेवटी माणूसच लागतो.

यांची पंचाईत तिथंच झाली. पंगतीत आग्रह करकरून वाढलेला हात! रिकामा ग्लास दिसला की 'अजून एक घ्या हो' तोंडावर येतं, आणि आग्रह करकरून पाजणं इथं कायद्यात बसत नाही. परवा एका आडदांड गृहस्थाला यांनी नाही म्हटलं ते चक्क हात जोडून. तो गोंधळला, त्यानंही हात जोडले आणि मुकाट्यानं पाणी प्यायलं. तेव्हापासून असं कुणी आलं की मॅनेजर यांनाच पुढं करतो.

आता कामाचं. रक्तात 0.05 टक्के किंवा त्याहून जास्त दारू सापडली की इथं गाडी चालवणाऱ्यावर कारवाई होते, त्यामुळे बिनदारूच्या पेयांना मागणी असते. सध्या इकडं उन्हाळा आहे, कैरी गोठवलेली मिळते, म्हणून आम्ही पन्हं सुचवलंय. आत्याबाई, कृती कळवा. पण 'चवीपुरतं' आणि 'अंदाजानं' लिहू नका, मॅनेजरला सगळं मिलीत हवं. चवीपुरतं म्हणजे किती, हे आपल्या घरात एकदा ठरूनच जाऊ द्या.

उमरीत कुणी विचारलं तर मामंजींनी खुशाल सांगावं, पोरगा लोकांची दारू अडवायच्या कामावर आहे आणि पगार बारवालाच देतो.

आपली,
धाकटी सून

ता. क. : मामंजी रागावले का, ते विचार, असं हे मघापासून मागं लागलेत. मी म्हटलं, आडदांड गोऱ्याला नाही म्हणता येतं, तर वडलांना फोनही लावता येईल. रविवारी लावतील. आग्रह करून बोलायला लावा.