झोपताना, कोमट पाण्यातून

रात्री चार वेळा उठावं लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक अक्सीर उपाय सध्या वाशीपासून बेलापूरपर्यंत मोबाइलवरून फिरतो आहे. लाल भोपळ्याच्या बिया, गोखरू आणि वायवर्ण्याची साल समभाग घ्यायची, चूर्ण करायचं आणि रोज एक चमचा घ्यायचं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. भोपळ्याच्या बियांनी कुणाचं वाटोळं केल्याचं ऐकिवात नाही. पण पुढे अनुपान दिलंय : रात्री झोपताना, दोन ग्लास कोमट पाण्यातून.

दोन ग्लास. झोपताना. प्रोस्टेटवाल्यानं.

दोन ग्लास म्हणजे जवळपास अर्धा लिटर. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. त्यातही अशा काकांचं पूर्ण रिकामं होत नाही, तीच तर मूळ तक्रार. म्हणजे मागील पानावरून पुढे आलेली शिल्लक आहेच, तिच्यात ही नवी जमा. वर गोखरू परंपरेनंच मूत्रल मानलेला. काका अकराला आडवे होतात, साडेबाराला उठतात, दोनला उठतात, त्यानंतर आडवं होण्याचा नाद सोडून हॉलमध्ये दिवा लावून बसतात. आणि सकाळी वाशीच्या मिनी सीशोरच्या कट्ट्यावर विजयी मुद्रेनं जाहीर करतात, ‘औषध लागू पडतंय बरं का. काल सहा वेळा झाली!’ कट्टा माना डोलावतो. ‘घाण बाहेर पडतेय,’ एक जण निदान करतो. ‘सुरुवातीला वाढतंच,’ दुसरा धीर देतो. तिसऱ्याचं सातूचं पाणी चालू आहे, चौथ्याचं धने-जिऱ्याचं, पाचव्याला शहाळं सांगितलंय, सहावा दुधीच्या रसावर आहे. या उपायांमध्ये चावून खायचा पदार्थ शोधून सापडत नाही. प्रोस्टेट ग्रंथी बसलेली असते मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, ती फुगली की वाट आवळली जाते. वाट अरुंद झालीय, पाणी कमी पडलेलं नाही. वाशीच्या खाडीपुलावर गाड्या तुंबल्या म्हणून मागून आणखी हजार गाड्या सोडा, असं सांगणाऱ्याला आपण वेड्यात काढू. इथे मात्र त्याला ‘वैद्यकीचा व्यासंग असलेले’ म्हणतात.

पाणी तपासणीतही सुटत नाही. सोनोग्राफीला गेलं की तिथली मुलगी सांगते, ‘भरपूर पाणी प्या काका, जोरात लागली की सांगा.’ ज्याला जिना चढता चढता जोरात लागते त्याला हे सांगायचं! मग रिपोर्ट येतो : ४६ ग्रॅम. दोन महिने चूर्ण घेतल्यावर दुसरीकडचा रिपोर्ट : ४२. चार ग्रॅम उतरले! कट्ट्यावर पेढे. सोनोग्राफीच्या मशीनला तराजू नसतो, हे कुणी बोलत नाही. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करायचा, त्याला ०.५२ नं गुणायचं, झाले ग्रॅम. प्रोब जरा तिरका धरला की चार इकडचे तिकडे. आणि ग्रॅमचा नि त्रासाचा संबंध तसा सैलच : ८० वाला रात्रभर घोरतो आणि ३०वाला हॉलमध्ये दिवा लावून बसतो.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचं चूर्ण कॅप्सूलमध्ये येतं. तिकडच्या एका बुटक्या ताडाच्या, सॉ पाल्मेटोच्या, फळाचा अर्क. तिथल्याच डॉक्टरांनी ३६९ पुरुषांवर, डोस तिप्पट करत नेऊन त्याची परीक्षा घेतली आणि २०११ साली निकाल छापला. नकली कॅप्सूल घेणाऱ्यांनाही तितकंच बरं वाटलं, किंचित जास्तच. मुलगा तरीही पाठवतो. डॉलरमध्ये आणलेलं लागू पडत नाही म्हणायला धैर्य लागतं.

आता खरा नैसर्गिक उपाय सांगतो. संध्याकाळनंतर पाणी कमी करा. रात्रीचा चहा बंद. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, तिनं लघवी अडू शकते. युरॉलॉजिस्ट हे रोज सांगतात. यात रसायन नाही, साल नाही, खर्च नाही. पण न प्यायलेलं पाणी बाटलीत भरून विकता येत नाही, त्यामुळे ते कुणी फॉरवर्डही करत नाही.

आणि दिवसाचं पाणी दिवसा का पीत नाही, हे काकांना विचारा. खरा संताप तिथे आहे. फिरायच्या ट्रॅकवर व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं आहेत, हसणाऱ्या आजोबांचं चित्र आहे, कारंजं आहे. शौचालयाला कुलूप आहे! चावी वॉचमनकडे, वॉचमन नाश्त्याला. साठीच्या पुढे निम्म्या पुरुषांची ही ग्रंथी वाढलेली असते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांची, आणि आपण त्यांच्यासाठी कारंजं बांधतो! वाहतं पाणी बघून काय होतं, हे बांधणाऱ्याला कळेल, जरा थांबा, त्याचीही साठी येईल. म्हणून ही माणसं घसा कोरडा ठेवून घराबाहेर पडतात, पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये सव्वा तास ओठ आवळून बसतात आणि सगळी तहान रात्री भागवतात. मग उठतात. मग चूर्ण घेतात. दोन-तीन वर्षं अशी काढतात, तोवर मूत्राशय थकतं, आणि एका पहाटे धार पूर्ण बंद होते. कॅज्युअल्टीत नळी घातली जाते तेव्हा घरचे म्हणतात, ‘अहो, कालपर्यंत तर चूर्ण चालू होतं.’ आणि मुळात ग्रंथीची वाढ साधी की कॅन्सरची, हे कुठल्या भोपळ्याच्या बीनं सांगितलंय?

त्या कुलूपबंद दारावर परवा एक ताजं पोस्टर पाहिलं. ‘प्रोस्टेट मुळापासून. ऑपरेशन नको. खात्रीशीर.’ आपल्या देशात १९५४ चा एक कायदा आहे, जादूटोण्याच्या आणि आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धचा. कोणकोणत्या आजारांवर औषधाची जाहिरातच करायची नाही, याची यादी त्याला जोडली आहे आणि प्रोस्टेटचे विकार तिच्यात नावानिशी आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पोस्टरवाल्याला याची फिकीर नसावी, कारण त्यानं खाली मोबाइल नंबर ठसठशीत छापलाय आणि चोवीस तास उचलू म्हटलंय. चावीवाल्याचा नंबर मात्र दारावर कुठेच नव्हता.